सहाशे बारा वाघ

जेवणाच्या टेबलावर तीन नकाशे होते, अकरा माहितीपत्रकं, दोन दुर्बिणी (त्यातली एक फक्त डाव्या डोळ्याने चालणारी), चार रंगांची पेनं, शिवणकामाची एक पिवळी टेप आणि निवून साय धरलेला चहाचा एक कप. ताट ठेवायला जागा नव्हती. गेले एकोणीस दिवस घरातली तिन्ही माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

"आज तरी ठरेल का?" बायकोने विचारलं.

"ठरत आलंय," दशांश म्हणाला.

"हे तू एकोणीस दिवसांपूर्वीही म्हणाला होतास."

"अठरा. पहिल्या दिवशी मी नुसता विचार करत होतो."

दशांश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो नवा नवा लागला, तेव्हा साहेबांनी जाता जाता किती वाजले म्हणून विचारलं. कोणीही शहाणा माणूस "साडेचार" म्हणून मोकळा झाला असता. याने सांगितलं, "चार वाजून एकतीस मिनिटं, पण माझं घड्याळ चाळीस सेकंद पुढे आहे." त्या दिवशी नाव पडलं, ते प्रयोगशाळेतून घरीही आलं. आता आत्यासुद्धा त्याला दशांशच म्हणायची, आणि आत्याने तर त्याला लहानाचा मोठा केला होता.

हा सगळा पसारा आत्यासाठीच होता. तिने बत्तीस वर्षं एका शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवले. शाळेच्या नाटकांचे पोशाखही तिच्याच गळ्यात पडायचे आणि नाटक कुठलंही असो, मुख्याध्यापकांना त्यात वाघ हवाच असायचा. बत्तीस वर्षांत आत्याने सत्तावीस वाघ शिवले. पिवळं कापड, काळ्या पट्ट्या, शेपटीत चिंध्या.

"एकही वाघ मी बघून शिवला नाही रे," ती म्हणायची. "चित्रं समोर ठेवायची आणि कात्री चालवायची. चित्रातला वाघ कायम आपल्याकडे तोंड करून बसलेला. चालताना खांद्यावरचे पट्टे कुठे जातात, पायावर कसे उतरतात, हे कुठल्या चित्रकाराने दाखवलंय? मी आपले अंदाजाने जोडले."

"प्राणिसंग्रहालयात दाखवू का?" बायकोने एकदा सुचवून पाहिलं होतं.

"पिंजऱ्यातला नको गं. त्याच्यावर गजांच्या सावल्या पडतात. कुठला पट्टा गजाचा आणि कुठला वाघाचा, काही कळत नाही."

आणि आता डोळे चालले होते. उजवा गेल्यातच जमा होता. डाव्या डोळ्याच्या मधोमध एक डाग धरला होता आणि तो दिवसेंदिवस पसरत होता. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, पण सहा-आठ महिन्यांत समोरचं बरंचसं जाईल. त्यांनी चारशे बारीक चौकोनांचा एक कागद दिला. दर रविवारी आत्या मधल्या ठिपक्याकडे नजर लावून बसायची आणि किती चौकोन दिसत नाहीत ते सांगायची. दशांश आकडा लिहून घ्यायचा. पहिल्या रविवारी नऊ चौकोन गेले होते. आता चौदा. दशांशने त्यांचा आलेख काढून शीतकपाटाच्या दारावर लावला होता. रेघ वर वर चालली होती. प्रयोगशाळेत एवढी सरळ रेघ आली असती तर तो खूश झाला असता.

थोडक्यात, वाघ दाखवायचा तर एकदाच आणि लवकर. चुकून चालणार नव्हतं. म्हणून तर दशांशने गेटची निवड नशिबावर सोडली नाही.

जंगलाला पाच गेट होती आणि प्रत्येक गेटमागे वेगळं क्षेत्र. प्रत्येक गेटवर वाघ दिसल्याच्या नोंदी ठेवल्या जात आणि महिन्याच्या शेवटी एकूण आकडा जाहीर होई. दशांशने ते आकडे मिळवले, त्यांना पाणवठ्यांची अंतरं जोडली, गवताची उंची जोडली, सकाळचं तापमान जोडलं आणि चार रंगांत तक्ता केला. निकाल स्वच्छ होता. तलाव गेटवर गेल्या महिन्यात सहाशे बारा नोंदी होत्या. शेवटच्या क्रमांकावर, जंगलाच्या पार पलीकडच्या टोकाला, जुना नाका. तिथे तीन.

"सहाशे बाराला तीन!" दशांश म्हणाला. "तलाव गेट दोनशे चारपट बरं आहे."

"मग आपल्याकडे आहेत त्या तिकिटांचं काय करायचं?" बायकोने विचारलं.

तिकिटं होती, ही खरी गोष्ट होती. अठरा दिवसांपूर्वी दशांश नकाशा उलगडत होता, तेवढ्यात बायको भाजी आणायला गेली आणि येताना वाटेवरच्या तिकीट खिडकीतून जुन्या नाक्याची तीन तिकिटं घेऊन आली. तिथे रांगच नव्हती. खिडकीतली बाई कंटाळून नखं बघत बसली होती.

"अशी भाजीसारखी वाघाची तिकिटं आणतात का?" तेव्हा दशांश म्हणाला होता.

"भाजी तरी मी त्याच दिवशी आणते," बायको म्हणाली होती.

विसाव्या दिवशी दशांश तक्ता बगलेत मारून खिडकीवर गेला. आज रांग होती. सत्तेचाळीस माणसं. दोन तास नऊ मिनिटांनी त्याचा नंबर लागला.

"तलाव गेट, तीन माणसं," तो म्हणाला.

"पाच महिने भरलंय," खिडकीतली बाई म्हणाली. आता तिला नखांकडे बघायला सवड नव्हती.

"कसं शक्य आहे? गेल्या महिन्यात तर जागा होत्या."

"गेल्या आठवड्यापर्यंत होत्या हो. कोणीतरी तक्ता काढलाय म्हणे. सहलवाल्यांनी दुकानादुकानांत लावलाय. जो तो तलाव, तलाव करत येतोय. हा बघा."

तिने काचेच्या आतून कागद दाखवला. चार रंग. पाणवठ्यांची अंतरं दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकड्यांपर्यंत. वर कोणीतरी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'शास्त्रीय पद्धतीने सिद्ध'.

"हुशार माणूस असणार," बाई म्हणाली.

दशांशने आपला तक्ता ओळखला. तरी त्याची नजर पाचव्या ओळीवर अडलीच. "बेरीज चुकलीय इथे," तो क्षीण आवाजात म्हणाला. "नकलणाऱ्याने दोन हातचे घेतले नाहीत." आणि खिडकीखालून हात घालून त्याने ती दुरुस्त केली. मागची माणसं ओरडायला लागली, तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

तक्ता बाहेर कसा गेला हे शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. प्रयोगशाळेत बाटल्या, नळ्या, चंचुपात्रं सांभाळणारा एक गृहस्थ होता. त्याला सगळे काचवाला म्हणत. पाच दिवसांपूर्वी तो खांद्यावरून डोकावून म्हणाला होता, "लेका, एक प्रत दे की. नुसता बघतो." त्याने नुसता बघितला आणि मेहुण्याला दिला. मेहुण्याचा साडू सहलींच्या धंद्यात होता.

"रागावू नकोस," काचवाला म्हणाला. "अरे, एवढं चांगलं काम तू टेबलावर सडवत ठेवलं होतंस. मी म्हटलं, लोकांच्या उपयोगी पडू दे."

"तू स्वतः बुकिंग केलंस?"

"केलं ना. तलाव गेट, पाच आठवड्यांनी. मी, बायको आणि सासू. तुझ्या कृपेने!"

दशांशने पाच महिन्यांचा हिशोब आधीच केला होता. पाच महिन्यांनी तलावाकाठी वाघ येऊन बसला असता, तर तो आत्याच्या नेमक्या गेलेल्या चौकोनांत बसला असता. त्याने काचवाल्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

सौदा असा ठरला. काचवाल्याने तलाव गेटची तीन तिकिटं द्यायची. बदल्यात दशांशने जुन्या नाक्याची तीन द्यायची, ती तलाव गेटच्या तारखेच्या आदल्याच दिवसाची होती. शिवाय चार महिने काचवाल्याची शनिवारची पाळी करायची आणि सगळ्या बाटल्या मनापासून धुवायच्या. वर नावबदलाचे चार अर्ज. अर्जांत 'कारण' असा रकाना होता. दशांशने त्यात 'संख्याशास्त्रीय' असं लिहिलं. ते परत आले. मग बायकोने 'घरगुती' असं लिहिलं. ते मंजूर झाले.

"मला वाटतं, जुन्या नाक्यालाच गेलो असतो तर काय बिघडलं असतं?" आत्या एकदा म्हणाली. "निवांत तरी असेल."

"आत्या, तीन नोंदी. तीन! तुझी संधी मी अशी वाया घालवीन?"

आत्याने आपली पिवळी टेप गुंडाळून पिशवीत ठेवली.

"ती कशाला?"

"असू दे. कापड असो नाही तर वाघ, टेप लागतेच."

निघायच्या आदल्या रविवारी चोवीस चौकोन गेले होते.

तलाव गेटवर ते पहाटे पोचले तेव्हा फाटकासमोर गाड्यांची रांग डोळ्यांत मावत नव्हती. दशांश उतरून मोजून आला. त्रेचाळीस. त्यांची उघडी जीप चव्वेचाळिसावी, म्हणजे शेवटची. कारण बायको आणि आत्या तयार होऊन बसल्या असताना दशांश वाऱ्याची दिशा बघत होता. पुढे चालक आणि गाईड, मागे हे तिघे. फाटक उघडायच्या आत दशांशच्या फोनवर एक फोटो आला. काचवाल्याने पाठवला होता.

फोटोत वाघीण होती. शेजारी दोन पिल्लं. एक पिल्लू तिच्या शेपटीला लोंबकळत होतं. खाली काचवाल्याने लिहिलं होतं: 'जुना नाका, काल सकाळी. वीस मिनिटं बसली होती. आमची एकटीच गाडी. सासूबाई म्हणाल्या, तो मुलगा किती भला!'

बायकोने फोटो पाहिला. मग तिने दशांशकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यामुळे त्याला ते सगळं ऐकू आलं.

"एका नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही," दशांश म्हणाला.

"काय आलंय फोनवर?" आत्याने विचारलं.

"कामाचं," दोघेही एकदम म्हणाले.

आत शिरल्यावर पाऊण तास धूळ होती. मग एकदम सगळ्या गाड्या थांबल्या. तलावाच्या अलीकडे एक दाट झुडूप होतं आणि त्याच्यासमोर अरुंद रस्त्यावर चव्वेचाळीस गाड्या एकीमागे एक अडकून उभ्या राहिल्या. माणसं बाकांवर चढली. सगळे एकमेकांना गप्प बसायला सांगत होते, त्याचाच आवाज दणदणीत होत होता.

"काय दिसतंय रे?" आत्याने विचारलं.

दशांशने दुर्बीण लावली. "टोप्या," तो म्हणाला. "एकशे सतरा."

"आणि वाघ?"

"कोणीतरी म्हणतंय, कान दिसला."

आत्याने ती डाव्या डोळ्याची दुर्बीण थोडा वेळ धरून बघितली आणि खाली ठेवली. समोर बघितलं की समोरचंच नाहीसं होत होतं. तेव्हा तिने अलीकडे जडलेल्या सवयीप्रमाणे मान डावीकडे वळवली. चेहरा रस्त्याकडेच्या गवताकडे केला म्हणजे पुढचं तिला नजरेच्या कोपऱ्यातून जरा तरी दिसायचं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटावं, म्हातारी रुसून बसलीय.

दशांशलाही क्षणभर तसंच वाटलं.

अर्धा तास गेला. पुढे गाईडने खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?" दशांशने विचारलं.

"नोंद केली साहेब. वाघ दिसला."

"कुठे दिसला? आपल्याला तर काहीच दिसलं नाही!"

"पुढच्या गाडीला कान दिसला ना? एकच रांग आहे. रांगेतल्या सगळ्या गाड्या नोंद करतात. पर्यटकांना बरं वाटतं."

दशांश पुढे वाकला. "म्हणजे एक वाघ... आणि चव्वेचाळीस नोंदी?"

"हो. रोजचंच आहे."

"गेल्या महिन्यात सहाशे बारा नोंदी होत्या. त्या..."

"गेल्या महिन्यात म्हणाल तर," गाईडने आठवून सांगितलं, "पंधरा वेळा दिसली. एकच वाघीण आहे हो या बाजूला. माणसांना कंटाळलीय बिचारी."

"सहाशे बारा भागिले पंधरा," दशांश स्वतःशी म्हणाला. त्याचे ओठ हलत होते. "चाळीस पूर्णांक आठ." मग त्याने अतिशय सावकाश विचारलं, "आणि जुन्या नाक्याला महिन्यात किती गाड्या जातात?"

"तिकडे कोण मरायला जातंय? चार गेल्या असतील."

चार गाड्या आणि तीन नोंदी. दशांशने दुर्बीण मांडीवर ठेवली. पंधरा वर्षं पाणी तपासून तपासून त्याचे हात दिसायला स्वच्छ झाले होते, त्यांच्याकडे तो बघत राहिला. शाळेतलं पोरसुद्धा छेदाशिवाय अपूर्णांक मांडत नाही. त्याने पाणवठ्यांची अंतरं दोन दशांश स्थळांपर्यंत काढली होती, गवताची उंची काढली होती, आणि गाड्या किती गेल्या एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"आत्या," तो म्हणाला, "माझं चुकलं गं. मी वाघ मोजलेच नाहीत. बघायला आलेली माणसं मोजली."

आत्या डावीकडेच बघत होती.

"आपल्याकडे चांगली तिकिटं होती," तो पुढे म्हणाला. आता त्याला सगळं ओकून टाकायचं होतं. "काचवाल्याला दिसली काल. पिल्लांसकट. वीस मिनिटं. ती तुझी वीस मिनिटं होती. मी ती बाटल्या धुवायचं कबूल करून दुसऱ्याला दिली."

"गप, रडू नकोस," आत्या म्हणाली. "मला दिसला."

"काय?"

"वाघ. आत्ताच गेला. मागून रस्ता ओलांडून. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला."

दशांश आणि बायको दोघांनीही गर्रकन वळून मागे पाहिलं. रिकामा रस्ता, धूळ, ऊन.

"आणि तुम्ही हाक नाही मारलीत, आत्या?" बायको म्हणाली.

"मारली असती तर त्रेचाळीस गाड्या वळल्या असत्या. बिचारा निवांत चालला होता. आणि हा भागाकार करत होता. भागाकारात मध्ये बोललं की याचं चुकतं, लहानपणापासून."

दशांशने मान खाली घातली. आत्याचं हे खोटं त्याच्या ओळखीचं होतं. सातवीत तो गणितात नापास झाला तेव्हा ती म्हणाली होती, पेपरच अवघड होता. त्याने तिचं शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडलं आणि दोन स्क्रू उरले, तेव्हा म्हणाली होती, ते आधीच बिघडलं होतं. आताही ती तेच करत होती. चोवीस चौकोन गेलेली बाई त्याचं सांत्वन करत होती. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. दिसला म्हणतात तर हो म्हण, असा त्या ढोसण्याचा अर्थ होता.

"छान झालं," तो कसाबसा म्हणाला.

"छान कसलं? फजिती झाली माझी," आत्या म्हणाली. "पुढच्या पायांवर पट्टेच नाहीत रे त्याच्या! खांद्यापासून खाली जवळजवळ कोरा पिवळा. सगळे पट्टे मागच्या अंगाला. आणि मी सत्तावीस वाघांच्या पुढच्या पायांना मापं घेऊन घेऊन पट्ट्या लावत बसले. एकेका पायाला नऊ."

गाईडने वही मिटली आणि तो पहिल्यांदाच नीट मागे वळला. "आजी, कुठून गेला म्हणालात?"

"त्या वाळक्या ओंडक्यापासून इकडे. डावीकडून उजवीकडे. घाई नव्हती त्याला."

गाईडने चालकाला खूण केली. त्यांची गाडी शेवटची होती, मागे कोणीच नव्हतं. जीप हळूहळू मागे सरकली. अकरा-बारा पावलांवर गाईडने हात वर केला. "थांब. चाक पुढे नको, मागे नको."

प्रवाशांनी खाली उतरायला बंदी होती. गाईड एकटाच उतरला आणि धुळीत उकिडवा बसला. येताना उमटलेली त्यांच्याच चाकाची नक्षी तिथे ताजी होती. त्या नक्षीच्या वर, तिच्या दोन रेघा मोडून, एक ठसा उमटला होता. चार बोटं आणि खाली गादी.

चाकाच्या वर. म्हणजे चाकानंतर. दशांशने हे दोनदा तपासून पाहिलं. पुढे त्रेचाळीस गाड्यांतली माणसं झुडपाकडे टक लावून उभी होती.

आत्याने पिशवीत हात घातला, चाचपडत टेप काढली आणि गाईडपुढे धरली. "सेंटिमीटरची बाजू वर ठेवा. नाही तर हा झोपायचा नाही."

गाईडने टेप ठशावर आडवी धरली.

"तेरा," तो म्हणाला.

"नीट बघा," दशांश म्हणाला.

गाईड पुन्हा वाकला, धुळीला गाल लागेपर्यंत.

"तेरा पूर्णांक पाच."